अठ्ठेचाळीस मिनिटांचा नेम

प्रीतीच्या सासूबाईंना, म्हणजे गुणमालाबाईंना, चातुर्मासाच्या पहिल्या तीन आठवड्यांतच दोन उपवास घडले, आणि दोन्ही प्रीतीच्या नोकरीपायी. गुणमालाबाई असं एकदाही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. सुनेला भांडता तरी आलं असतं.

नेम साधा होता. प्यायचं पाणी दुपदरी जाड कापडातून गाळायचं आणि गाळलेलं पाणी दोन घटकाच चालवायचं. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. एकोणपन्नासाव्या मिनिटाला तेच पाणी पुन्हा गाळल्याशिवाय ओठाला लावायचं नाही. चुकून लावलंच, तर त्या घोटापासून दुसऱ्या दिवशीचा सूर्य मावळेपर्यंत अन्न बंद. ही शिक्षा कुठल्या ग्रंथात नव्हती, गुणमालाबाईंनी स्वतःची स्वतःला लावून घेतली होती, त्यामुळे तीत सूट मागायची तरी कुणाकडे?

एकतीस चातुर्मास हा नेम बिनबोभाट पार पडला होता. घड्याळाकडे न बघता बाई बरोब्बर वेळेला उठत आणि गाळणं हातात घेत. पण यंदा घरात ठमी होती. ठमी अकरा महिन्यांची. प्रीतीनं आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून पुण्याच्या कंपनीचं काम करायचं आणि बाहेर आजीनं ठमीच्या मागं फिरायचं, अशी वाटणी. आजोबांच्या चष्म्याची काडी, पायपुसण्याचा दोरा आणि एकदा तर जिवंत मुंगळा, असं काय काय तिच्या तोंडातून काढता काढता अठ्ठेचाळीसची पन्नास मिनिटं झाली. एकदा नव्हे, दोनदा.

त्यात गुणमालाबाईंना साखरेचं दुखणं. "उपवास बिलकूल नको," असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. दुसऱ्या उपवासाच्या दुपारी बाईंना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागला, तरी ठमीला भरवणं सुरूच. पेजेचा चमचा ठमीच्या तोंडाऐवजी कानात गेला. ठमी खदखदून हसली. प्रीतीनं मात्र न हसता तिचा कान पुसला. तिनं ठरवलं, की यापुढं या घरात आईंचा नेम मोडायचा नाही, म्हणजे नाही.

"फोनमध्ये गजर लाव की," कुपवाडच्या कारखान्यात निघालेला तिचा नवरा सम्मेद हेल्मेट चढवता चढवता म्हणाला.

इंजिनिअर बायकोला गजर लाव म्हणणं म्हणजे सुगरणीला बाहेरून मागव म्हणण्यासारखं. शिवाय प्रीतीचं सहा वर्षांचं काम तरी कोणतं? ठरावीक वेळेला ठरावीक गोष्ट यंत्राकडून करून घेणं. रोज पहाटे कुठल्याशा बँकेला अहवाल धाडणं, दर दहा मिनिटांनी कुठल्याशा गोदामातला साठा मोजणं, ही सगळी कामं तिनं लिहिलेल्या टायमरवर चालत. परक्यांच्या गोदामाला जी सोय, ती घरच्या माणसाला नको?

ठमी झोपल्याच्या वीस मिनिटांत तिनं प्रोग्रॅम लिहिला. जुना लॅपटॉप फ्रिजवर ठेवला, त्याला छोटा स्पीकर जोडला. टायमरला सांगितलं, की काहीही झालं तरी दर अठ्ठेचाळीस मिनिटांनी हाक मारायची. हाक स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड केली: "आई, पाणी गाळा." नेमकी तेव्हा ठमी जागी झाली आणि तिनं वायर ओढली, त्यामुळे 'गाळा' या शब्दावर जरा जोर आला. जरा म्हणजे, पिकात शिरलेल्या गुराला हाकलताना येतो तेवढा. पण मीटिंगची वेळ झाली होती. दुसऱ्यांदा रेकॉर्ड करायला सवड कुणाला?

संध्याकाळपर्यंत सगळं झकास चाललं. गुणमालाबाई तर खूश. "बघ, सुनेनं यंत्राला कामाला लावलं," असं त्या ठमीला सांगत होत्या.

रात्री सव्वाआठला प्रीतीचे सासरे धन्यकुमार यांनी फ्रिजवर लॅपटॉप उघडा पाहिला. धन्यकुमार हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. उघडी वस्तू दिसली की झाकायची आणि झाकलेली दिसली की तिच्यावर कव्हर घालायचं, ही त्यांची शिस्त. त्यांनी लॅपटॉप मिटला, त्यावर भरतकामाचा रुमाल पसरला आणि सकाळी सहाला नेमानं उघडला.

यंत्र प्रामाणिक. 'काहीही झालं तरी' हे शब्द त्यानं मनावर घेतले होते. रात्रभर झोपेत राहून गेलेल्या बारा हाका त्यानं उघडल्या उघडल्या एका दमात मारल्या. "आई, पाणी गाळा! आई, पाणी गाळा! आई, पाणी गाळा!" सकाळच्या शांततेत, बारा वेळा, दर 'गाळा'ला तोच जोर. गुणमालाबाई घाबरून हातात गाळणं घेऊन उभ्या, धन्यकुमार रुमाल घेऊन उभे, आणि प्रीती तोंडात ब्रश घेऊन लॅपटॉपवर झेपावलेली.

आता सांगायला हवं, की या फ्लॅटच्या स्वयंपाकघराची भिंत आणि शेजारच्या हरणाबाईंच्या स्वयंपाकघराची भिंत एकच होती. बांधणाऱ्यानं ती विटांची बांधली की पापडाची, हा इमारतीतला जुना वाद. तासाभरात खाली भाजीच्या गाड्यापाशी हरणाबाईंनी प्रीतीला गाठलं.

"पोरी, राग मानू नगंस," त्या कोथिंबिरीची जुडी झटकत म्हणाल्या, "पर सासूला इतकं? बारा येळा? म्या मोजलं. आमच्या येळंला सासू सुनंला वरडायची, ते बी दिवसाला एकदाच."

"काकू, ते मी नव्हते. तो प्रोग्रॅम होता."

"आवाज तुजाच हुता न्हवं?"

"आवाज माझाच. पण बोलत मी नव्हते."

हरणाबाईंनी भाजीवाल्याकडं पाहिलं. भाजीवाल्यानं वांग्यांकडं पाहिलं. प्रीतीला कळून चुकलं, की जगातली कुठलीही निर्दोष सून हे वाक्य बोलल्यावर निर्दोष राहणार नाही.

दुपारी नोटीस आली. संस्थेचे सचिव सयाजीराव, साताऱ्याकडचे निवृत्त सुभेदार, तळमजल्यावर राहत. तोंडानं सांगण्यासारखी गोष्टही ते कागदावरच सांगत, आणि कागद द्यायला मात्र स्वतः जिना चढून येत. 'विषय: सदनिकेतून होणाऱ्या पुनरावृत्त आज्ञांबाबत. आपल्या सदनिकेतून दर अठ्ठेचाळीस मिनिटांनी एका ज्येष्ठ नागरिकास उद्देशून आज्ञार्थी आवाज येत असल्याची तोंडी तक्रार प्राप्त झाली आहे. सदर आवाजास संस्थेची पूर्वपरवानगी आहे काय, याचा खुलासा तीन प्रतींत करावा. वर, खाली व बाजूस राहणाऱ्यांची ना-हरकत पत्रे सोबत जोडावीत.'

"काका, खाली तर तुम्हीच राहता," प्रीती म्हणाली.

"बरोबर. तवा एक पत्र माझ्याकडनं घ्यावं लागंल. सोमवारी या. आज मी सचिव म्हणून आलोय."

सोमवारी ते शेजारी म्हणून भेटले. पत्र तयार होतं, पण अट होती. "सूनबाई, माझी बीपीची गोळी दुपारी तीनला. रोज इसरतो. तुमच्या मशीनमधी एक ड्यूटी माझी बी लावा. लई उपकार होतील."

हरणाबाईंनीही सही केली, तीही अटीवर. "आवाज जरा मोटा ठेवा. आर्धं कळतं, आर्धं न्हाई. जीव टांगणीला लागतोय."

आवाज बदलणं तर भागच होतं. धन्यकुमार आपण होऊन पुढं आले. त्यांनी घसा खाकरला, खिडकी लावून घेतली आणि रेकॉर्ड केलं: "नमस्कार. गुणमाला, वेळेचं महत्त्व आपण सर्वजण जाणतोच..." पाणी गाळण्यापर्यंत यायला त्यांना साडेतीन मिनिटं लागली. प्रीतीनं काटछाट करून ते दहा सेकंदांवर आणलं. पहिली हाक झाली, गुणमालाबाई शांतपणे मेथी निवडत राहिल्या. दुसरी झाली, त्या ठमीचं झबलं घडी करत होत्या. ऐकून न ऐकल्यासारखं करत होत्या म्हणावं तर तसंही नाही; त्यांना खरोखरच ऐकू येत नव्हतं. छत्तीस वर्षांच्या संसारात तो आवाज त्यांच्या कानाला पंख्याच्या आवाजासारखा झाला होता.

"अहो, तुम्ही काही म्हणालात का?" त्यांनी तिसऱ्या हाकेनंतर स्पीकरला नव्हे, पेपर वाचणाऱ्या नवऱ्याला विचारलं. धन्यकुमार त्या दिवशी जेवताना कुणाशी बोलले नाहीत. ते बोलले नाहीत, हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटी प्रीतीनं कुकरची शिट्टी लावली. ही युक्ती लागू पडली. शिट्टी होताच गुणमालाबाई हातातलं टाकून स्वयंपाकघरात धावायच्या, बंद गॅस बंद करायला जायच्या, स्वतःशी हसायच्या आणि पाणी गाळायच्या. भिंतीपलीकडं मात्र हरणाबाई शिट्ट्या मोजून गॅस बंद करणाऱ्यातल्या. आठवडाभर त्यांच्या घरची डाळ कच्ची राहिली आणि त्यांच्या मालकांच्या पोटाचा दोष प्रीतीच्या खात्यावर जमा झाला.

आणि मग गुणमालाबाईंनीच एक खोट काढली. पीठ मळता मळता त्या म्हणाल्या, "प्रीती, एक विचारू? ते शिट्टी झाल्यापासून मोजतं की मी गाळल्यापासून?"

"म्हणजे?"

"शिट्टी झाली तेव्हा ठमीला धुवायला नेलं होतं. दहा मिनिटांनी गाळलं. आता घटका धरायच्या त्या माझ्या हातापासून ना? त्या शिट्टीला काय ठाऊक मी कधी गाळलं ते!"

प्रीती बघतच राहिली. सहा वर्षांत एवढी स्वच्छ मागणी तिच्यापुढं एकाही साहेबानं मांडली नव्हती. तिनं लगेच प्रोग्रॅम बदलला. लॅपटॉप फ्रिजवरून ओट्यावर आणला, एका बटणावर लाल टिकली चिकटवली. पाणी गाळलं की आईंनी टिकली दाबायची. तिथून नव्यानं अठ्ठेचाळीस मिनिटं सुरू.

घाईत एकच राहून गेलं. टिकली दाबली की नवा टायमर जन्माला येत होता, पण जुन्याला थांब म्हणून कुणी सांगतच नव्हतं. सकाळी एक होता, नऊपर्यंत तीन झाले, दुपारपर्यंत नऊ. प्रत्येक जण आपापली अठ्ठेचाळीस मिनिटं इमानदारीनं मोजत होता आणि आपापली शिट्टी मारत होता. चारच्या सुमाराला त्या घरात शे-दोनशे पानांची पंगत उठणार असावी असा शिट्ट्यांचा कल्लोळ माजला. प्रीती मीटिंगमध्ये होती, तिकडून पुण्याचे साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे कार्य आहे का? नंतर बोलू या." आणि त्या कल्लोळात खरी शिट्टी कोणती, ते गुणमालाबाईंना कळलं नाही. एक घोट चुकीचा गेला. तिसरा उपवास.

त्या संध्याकाळी प्रीती सासूसमोर मान खाली घालून बसली. "आई, कसं सांगू? आमच्या कामात क्लास म्हणून एक असतो, म्हणजे नोकर कसा असावा त्याचं वर्णन. त्या वर्णनाबरहुकूम आपण खराखुरा नोकर उभा करतो, तो ऑब्जेक्ट. तुम्ही टिकली दाबली की..."

"की नवा नोकर आला, आणि जुन्याला काढलंच नाही?"

"हो."

"मग ते बिचारे काय करतील? सांगितलेलं काम करत बसले." गुणमालाबाईंनी तिच्या केसात अडकलेला पेजेचा कण काढला. "सांगणाराही दमलेला असला की राहून जातं गं."

रागावल्या असत्या तर प्रीती रडली नसती.

दुसऱ्या दिवशी बाईंचा हात पुन्हा थरथरला. या खेपेला चमचा त्यांनी प्रीतीच्या हाती दिला, आणि तेच प्रीतीला जास्त लागलं. तिनं प्रोग्रॅम नीट बसून दुरुस्त केला. नवा नोकर यायच्या आधी जुन्याला हात जोडून निरोप. सयाजीरावांची तीनची गोळीही त्याच टायमरवर टाकली. वेगळा नोकर कशाला, दिवसाकाठी एक तर काम! सयाजीरावांनी पेनड्राइव्हमधून पलटणीचा बिगुल आणून दिला. तो लॅपटॉपला लावला आणि रोज तीनच्या ठोक्याला बिगुल वाजू लागला. तळमजल्यावर सयाजीराव सावधान उभे राहून गोळी घेत. बिगुल लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यायचा होता, पण ठमी उठली. ते राहिलं ते राहिलंच.

पुढचे पंचवीस दिवस असे गेले, की प्रीतीला स्वतःचाच हेवा वाटावा. एकही चूक नाही. भाद्रपदात दशलक्षण पर्व, म्हणजे जैनांचे एकेका सद्गुणाचे दहा दिवस, लागलं, गुणमालाबाई रोज पहाटे मंदिरात जाऊन येऊ लागल्या, चेहऱ्यावर तेज आलं.

पर्वाच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी सव्वापाचला ताटं मांडायची वेळ झाली. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, म्हणून या घरात पाच-साडेपाचलाच पानं घेतात. तेवढ्यात सयाजीराव धापा टाकत आले.

"सूनबाई, आज बिगुल न्हाई! गोळी ऱ्हायली!"

प्रीतीनं लॅपटॉपकडं पाहिलं. पेनड्राइव्ह जागेवर नव्हता.

"तो व्हय? तो सकाळी मीच काढून नेला. गावाकडनं माझे दोस्त आल्यात, त्यान्ला ऐकवायचा हुता. एका दिवसानं काय हुतंय?"

होतं असं, की तीन वाजता आपला एकुलता नोकर बिगुल आणायला गेला, बिगुल जागेवर नाही असं पाहून भांबावला, आणि नोकरी सोडून चालता झाला. एका शब्दानं न सांगता. बिगुलाबरोबर कुकरही टाकून गेला. तीन वाजल्यापासून घरात एकही शिट्टी झाली नव्हती, आणि शिट्टी न होणं कुणाला ऐकू येत नाही.

गुणमालाबाईंच्या हातातलं ताट तिथंच थांबलं. "सव्वाचारला मी पाणी प्यायले," त्या हळूच म्हणाल्या.

प्रीतीनं नोंद उघडली. टिकली शेवटची दाबली होती दोन वाजून अठ्ठावन्नला. तिथून अठ्ठेचाळीस म्हणजे तीन शेहेचाळीस. "आई, त्यानंतर गाळलं होतंत का? आठवा."

"टिकली नाही दाबली, हे खरं. कापड घेतलं होतं हातात. नळ सोडला होता..."

"मग?"

"मग काही नाही." बाईंनी ताट ओट्यावर उपडं घातलं. "खात्री नाही ना? मग राहू दे. उद्यापर्यंत काही होत नाही मला."

प्रीतीनं मनाशी हिशेब केला. पर्वाचे दिवस, पहाटेपासूनची दगदग, एकवेळचं जेवण, आणि त्यात उद्याचा अख्खा दिवस अन्नाविना. "आई, मी करते उपवास. चूक माझी आहे."

"तुझ्या अंगावर पिणारं पोर आहे. गप बस."

"मी करतो," सयाजीराव म्हणाले, "पेनड्राइव्ह माझा."

"मी केला तर चालेल का?" धन्यकुमारांनी विचारलं. कुणालाच ऐकू आलं नाही.

सयाजीरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "सूर्य मावळायला सव्वा तास हाय. रीतसर चौकशी बसवू. साक्षीदार कोण? सूनबाई, तुमी?"

"मी आत होते. साडेतीन ते साडेचार मीटिंग. कानाला हेडफोन."

"गुरुजी?"

"झोपलो होतो."

"मंग ऱ्हायलं कोण?"

चौघांनीही एकदमच भिंतीकडं पाहिलं. सयाजीराव हाक मारायला तोंड उघडतात तोच पलीकडून आवाज आला, "आले, आले! चप्पल घालते."

हरणाबाई पिठाच्या हातांनी आल्या. आपण इतक्या तातडीनं कशा आलो, हे कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलंही नाही. पण साक्ष द्यायची तर भिंतीला कान होता हे कबूल करणं आलं. त्यांनी एकवार सगळ्यांकडं पाहिलं, पदर खोचला आणि अब्रू बाजूला ठेवली.

"गाळलं हुतं," त्या म्हणाल्या. "दोनदा गाळलं. पयल्यांदा गाळताना हंडा पडला. लई मोटा आवाज. मंग परत नळ सोडला, परत गाळलं. कापडातनं पडणाऱ्या पाण्याचा आवाज येगळाच येतोय, मुकाट पडतंय ते. म्या रोज ऐकते."

"टाइम?" सयाजीराव.

"माझी चारची शिरेल लागायची हुती. गाणं सुरू व्हायच्या आदी धा मिन्टं."

"तीन पन्नास!" प्रीती ओरडली. "तीन पन्नासला गाळलं, सव्वाचारला प्यायलं. पंचवीसच मिनिटं. आई, नेम मोडला नाही! बसा, बसा जेवायला!"

"थांबा," सयाजीराव म्हणाले. चौकशी म्हणजे चौकशी. "हंडा का पडला? त्ये बी नोंद व्हाया पायजे."

त्यांनी गुणमालाबाईंकडं पाहिलं, तर त्या एकाएकी ठमीचं लाळेरं नीट करण्यात गढून गेल्या होत्या. "निसटला हातातून," त्या म्हणाल्या.

"निसटला कशाला?" हरणाबाईंना आता कोण आवरणार? "त्या टायमाला पोरगी चालत आली न्हवं का सैपाकघरात! ताई वरडल्या, 'अगं बाई, चालली! चालली गं माझी ठमी!' हंडा टाकला, हसल्या, रडल्या, समदं केलं. मला तर वाटलं उठून पेढं मागावं, पर म्हणलं आपुन ऐकलंय कसं म्हणून सांगायचं..."

बोलता बोलता हरणाबाईंना सगळ्यांचे चेहरे दिसले आणि त्यांचा आवाज भिजल्या वातीसारखा चरचरत विझला.

प्रीती ठमीकडं बघत होती. ठमी जमिनीवर बसून सयाजीरावांच्या चपलेचा पट्टा चोखत होती. तीन पन्नासला प्रीती भिंतीआड, दहा पावलांवर, पुण्याच्या साहेबांना कुठल्याशा बँकेचा अहवाल वेळेवर कसा पोचतो ते समजावून सांगत होती.

"मला का नाही सांगितलंत?" तिनं विचारलं.

गुणमालाबाई मान खाली घालून म्हणाल्या, "आईनं आधी बघायचं असतं गं ते. म्हटलं, उद्या-परवा तुझ्यासमोर चालेल, तू मला हाक मारशील, मी धावत येईन. तीच पहिली धरायची. ठमी चालली का, असं विचारलं असतंस तर खोटं नसते बोलले. तू विचारू नयेस एवढीच इच्छा."

उपाशी राहायला तयार झाल्या, पण हे सांगायला तयार नव्हत्या. प्रीतीनं उपडं घातलेलं ताट सरळ केलं आणि त्यात गरम भाकरी वाढली. गुणमालाबाई जेवल्या. त्या सगळं जेवेपर्यंत प्रीती समोर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी प्रीतीनं रजा टाकली. रजेच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. त्यात तिनं 'वैयक्तिक' लिहिलं, खोडलं, 'कौटुंबिक' लिहिलं, खोडलं आणि शेवटी 'चालण्याबाबत' असं लिहून पाठवलं. साहेबांनी 'लवकर बरे व्हा' असं कळवलं.

सकाळी नवापासून ती जमिनीवर बसकण मारून ठमीसमोर बसली. ठमीही बसली. दहा वाजले, अकरा वाजले. सल्लागारांची रीघ लागली. सयाजीराव गोळीचं पाकीट खिशात घेऊनच आले आणि कोपऱ्यात उभं राहून 'एक-दो, एक-दो' म्हणू लागले. ठमीनं त्यांच्याकडं कौतुकानं पाहिलं आणि स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घातला. धन्यकुमारांनी खुळखुळा दाखवला, मग चष्मा दाखवला. सम्मेदनं कुपवाडहून चार फोन केले: "चालली?" पाचवा त्याच्या फोरमननं केला.

गुणमालाबाई मात्र सगळा दिवस खोलीकडं पाठ करून बसल्या होत्या. पर्वाचा तो दिवस उत्तम सत्याचा. "आज मला खोटं बोलता यायचं नाही, आणि काल बघितलेलं विसरताही यायचं नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी बघतच नाही." आणि भिंतीकडं तोंड करून त्या शेंगा सोलत राहिल्या. पाण्याची वेळ झाली की तशाच पाठमोऱ्या सरकत ओट्याकडं जायच्या आणि यायच्या.

पाचला दहा कमी असताना, सगळ्यांनी आशा सोडून चहाला आधण ठेवलं तेव्हा, ठमी उठली. कुणाचा आधार नाही, कशाचा मोह नाही. उभी राहिली, डुलली, आणि प्रीतीकडं तोंड करून निघाली. एक. दोन. तिसरं पाऊल टाकावं की नाही याचा तिनं थोडा विचार केला. टाकलं. चौथं अर्धं पडलं आणि पोर आईच्या मांडीत येऊन आदळली, हनुवटीची लाळ थेट प्रीतीच्या मानेवर.

प्रीतीनं तिला छातीशी आवळून धरलं. मग ओल्या डोळ्यांनी एकेकाकडं पाहिलं. "पहिल्यांदाच ना?" तिनं विचारलं. "पहिल्यांदाच चालली ना?"

धन्यकुमार पंख्याकडं बघू लागले. सयाजीरावांनी गोळीच्या पाकिटामागचा बारीक मजकूर वाचायला घेतला. गुणमालाबाईंच्या पाठीला हलकेच हुंदका फुटला, पण त्या वळल्या नाहीत. "मला विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "मी पाठमोरी आहे."

तेवढ्यात भिंतीपलीकडून, पोळपाटावर लाटणं आपटल्याच्या आवाजासह, खणखणीत साक्ष आली:

"पयल्यांदाच गं बाई, पयल्यांदाच! म्या सोता माझ्या डोळ्यांनी बघितलं!"